खतीजाबीचा उंबरा

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवावी तर खतीजाबीनंच, हे शिरड शहापुरात सगळे मान्य करत. नाक मुठीत धरून मान्य करत, कारण बाई तोंडाची मोठी फटकळ होती. अंडी घेऊन आलेल्याला दारात उभं करून चार गोष्टी सुनावल्याशिवाय ती टोपलीला हात लावत नसे.

"ही अंडी हाय का गोटे? किती दिसाची हाय, खरं सांग. खोटं बोलशील तर कोंबडीला कळतंय, मला कळो न कळो."

मग एकेक अंडं घेऊन ती कानाशी हलवायची. मुठीची नळी करून उन्हाकडे धरायची आणि एक डोळा मिटून आत बघायची. पसंत पडलं तर कोळशानं त्यावर रेघ ओढायची, म्हणजे दुसरी एखादी आगाऊ कोंबडी मागाहून येऊन त्यात आपलं अंडं टाकून गेली तर ते ओळखू यावं. नापसंत अंडं ती सरळ परत करी. "ह्याची पोळी करून खा," म्हणे.

तिचा नवरा बद्रुद्दीन पिंजारी होता. खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव गाद्या भरत फिरायचा, आणि असाच फिरतीवर असताना तापानं गेला. मागं राहिली एक खोली, पुढं छोटासा ओटा, परड्यात पाचसात कोंबड्या आणि चालायला शिकलेली कनीज. अंडी लोकांची, कोंबडी खतीजाबीची, पिल्लं निम्मी-निम्मी, असा तेव्हाचा रिवाज होता. त्या निम्म्या पिल्लांवर तिनं कनीजला वाढवलं. कुणापुढं हात पसरला नाही, आणि हे ती दर दोन दिवसांनी कुणाला ना कुणाला ऐकवतही असे.

कोंबडी बसवण्याचं तिचं एक शास्त्र होतं. टोपलीच्या तळाला चुलीतली राख, म्हणजे पिसवा होत नाहीत. वर भुसा, भुशावर अंडी. गडगडाटानं अंड्यातला जीव दचकू नये म्हणून कडेला एक लोखंडी खिळा, आणि नजर लागू नये म्हणून एक लाल मिरची. टोपलं खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, रांजणाच्या मागं, अंधारात. या सगळ्यावर एक मोठा नियम होता. तो तिला तिच्या सासूनं सांगितला होता आणि सासूला तिच्या सासूनं. कोंबडी बसलेली असेतोवर दोनजिवाच्या बाईनं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तिची सावलीसुद्धा टोपल्यावर पडता कामा नये. अशी बाई आपल्या पोटात एक जीव उबवत असते, ती खोलीतली ऊब आपल्याकडं ओढून घेते, अंडी गार पडतात आणि नासतात. गावातल्या बायकांना हा नियम पाठ होता. कुणाला दिवस राहिले की ती खतीजाबीशी रस्त्यावरूनच बोलायची.

कनीज या टोपल्याच्या आसपास वाढली. पोरगी अखंड हसरी. आईचा फटकळपणा तिच्यात औषधालाही नव्हता. पिल्लं निघायची वेळ जवळ आली की ती कोंबडीखाली हळूच हात घालून एखादं अंडं काढी आणि कानाला लावून बसे. फुटायच्या आधी पिल्लू आतल्या आत बारीक चिवचिवतं, ते ऐकायचा तिला नाद होता. ऐकू आलं की ओरडायची, "अम्मा, बोलने लगे!" खतीजाबी तिला रागावायची, आणि मग स्वतःही कान लावायची. आयुष्यात तिच्या वाट्याला जे काही सुख आलं, त्यातलं निम्मं या एका गोष्टीत होतं.

कनीजचं लग्न ओढ्यापलीकडच्या गावात झालं. जावई गुलाम नबी गरीब स्वभावाचा, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. वर्षाच्या आत कनीजला दिवस राहिले. ही बातमी आली तेव्हा खतीजाबी दिवसभर कुणावरही खेकसली नाही. गल्लीतल्या लोकांना वाटलं, बाईला बरं नाही की काय.

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बाळंतिणीला कोवळ्या कोंबडीचा रस्सा. ती कोंबडी आईनं घरी उबवलेली, घरी वाढवलेली असावी लागते, बाजारातली चालत नाही. खतीजाबीनं मनाशी हिशेब घातला. आत्ता पिल्लं निघाली तर कनीज बाळंत होईतो त्यांच्या तलंगा होतील, भरल्या अंगाच्या, कोवळ्या मांसाच्या. आणि दिवाळी सरता सरता तिची तांबडी कोंबडी अगदी वेळेवर खुडूक झाली. पिसं फुलवून, डोळे वटारून जागेवर बसली आणि जवळ येणाऱ्याला टोचायला लागली. खतीजाबीनं तिला शिव्या देता देता तिचे लाड केले.

त्या खेपेला तिनं कुणाची अंडी घेतली नाहीत. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर तिची जुनी मैत्रीण होती रुक्माबाई, फुलसिंगची बायको. रुक्माबाईचा कोंबडा अंगानं दांडगा म्हणून खतीजाबी मुद्दाम चालत तांड्यावर गेली, तिच्याकडची अंडी निवडून पदरात घालून आणली. प्रत्येकावर रेघ ओढताना ती तोंडानं "कनीजचं, कनीजचं" म्हणत होती. मग बिस्मिल्ला म्हणून अंडी तांबडीखाली सारली.

पिल्लं निघायला चार-पाच दिवस राहिले होते, तेव्हा भर दुपारी कनीज आली. तिच्या गावची एक बाई शिरडच्या बाजाराला येत होती, तिच्यासोबत चालत आली. ती बाई ओट्याच्या कडेला टेकली. कनीज उंबऱ्याशी आली आणि म्हणाली, "अम्मा, आज इधरच रहतूं मैं."

खतीजाबी आत जवारी निवडत होती. आवाज ऐकताच ती ताडकन उठली, दारात आली आणि चौकटीला दोन्हीकडं हात लावून उभी राहिली.

"बाहेरच, बाहेरच! अंदर तांबडी बैठी है. तेरेच वास्ते बैठी है, बेटा."

तिनं कनीजला ओट्यावर बसवलं. तेही ऊन बघून, सावली दाराकडं जाणार नाही अशा बाजूला. आतून पाणी आणलं, भाकरी आणली, भाकरीवर तेल-तिखट घातलं. पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. कनीजचं तोंड उतरलेलं तिला दिसलं. नाही दिसलं असं नाही. पण उन्हातून चालत आलीय, या दिवसात असं होतंच, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. आईला सगळं कळतं म्हणतात. या आईला त्या दिवशी फक्त कोंबडीचं कळत होतं.

"सास कुछ बोली क्या?"

"नहीं, अम्मा."

"फिर? बस चार दिन. पिल्ले निकलने दे, मैंच गाडी ले को आतूं."

कनीजनं बाजाराला आलेल्या बाईकडं एकदा पाहिलं, आईकडं पाहिलं, काही बोलायला म्हणून ओठ उघडले आणि मग म्हणाली, "हौ अम्मा." निम्मी भाकरी तिनं तशीच ठेवली. उठताना तिनं आतल्या अंधाराकडं मान वळवून विचारलं, "बोलने लगे क्या?"

"अभी नहीं," खतीजाबी म्हणाली.

बाजार उरकल्यावर ती बाई कनीजला घेऊन गेली. वळणावर कनीजनं एकदा मागं बघितलं. माझी पोरगी किती समजूतदार, हट्ट म्हणून करत नाही, असं वाटून खतीजाबीचा ऊर भरून आला होता. पुढं कितीतरी वर्षं तिला सगळ्यात जास्त लाज या ऊर भरून येण्याचीच वाटत राहिली.

अंड्यांना टोचे पडू लागले त्या सकाळी गुलाम नबी दारात आला. तो चौकटीला धरून उभा राहिला आणि तसाच मागं वळला. खतीजाबी तशीच अनवाणी त्याच्यामागं धावली. ओढा कुठं लागला हे तिला कळलं नाही.

कनीज ओट्यावर येऊन बसली होती, त्याच्या आदल्याच दिवसापासून तिच्या अंगावरून रक्त जात होतं. सासू म्हणाली होती, होतं असं, पडून राहा. पोरगी घाबरली आणि आईकडं निघून आली. पण असली गोष्ट रस्त्यावर, परक्या बाईसमोर, ओट्यावर बसून कशी सांगायची? खोलीत, रांजणाशेजारच्या अंधारात, आईच्या मांडीवर डोकं ठेवलं असतं तर तिनं सांगितलं असतं. खतीजाबीनं ताबडतोब शेजारची सुईण बोलावली असती, हिंगोलीला न्यायला गाडी जुंपायला लावली असती, काहीतरी केलंच असतं. वाचली असती की नसती, कोण सांगणार? पण सांगितलं तरी असतं.

कनीजला माती दिल्यावर खतीजाबी परत आली तेव्हा शेजारणीनं तांबडीची देखभाल केलेली होती. बिचारीनं जड मनाच्या बाईला तेवढाच आधार म्हणून सांगितलं, "खतीजाबी, एकबी अंडं नासलं न्हाई. समदी पिल्लं निंगाली."

खतीजाबी उठली. तिनं कोंबडीसकट सगळी पिल्लं टोपल्यात भरली, तांड्यावर नेली आणि रुक्माबाईच्या अंगणात ठेवली. "खा, विका, काय करायचं ते करा. माह्या डोळ्यापुढं नका आणू." रुक्माबाई तिला मिठी मारून रडली. खतीजाबी तशीच कोरडी उभी राहिली.

लोकांना वाटलं, आता ही बाई कोंबडी बसवायची नाही. पण पोट कुणाला सुटलंय? वर्षभरानं तिनं रुक्माबाईकडून त्याच पिल्लांतली एक तलंग मागून आणली आणि पुन्हा सुरू झाली. तिलाही ती तांबडीच म्हणायची. आणि नियम? नियम आधीपेक्षा कडक झाला. पोटुशी बाई गल्लीच्या तोंडाशी दिसली तरी खतीजाबी दार लावून घ्यायची. बायका आपसांत बोलायच्या, "स्वताची लेक गेली, तरी ह्या बाईला पाझर न्हाई." बोलणाऱ्यांचं काय जातं! खरी गोष्ट उलटी होती. नियम खरा असेल तर कनीजला बाहेर बसवण्यात काहीतरी अर्थ होता. चूक झाली, घात झाला, पण अर्थ होता. एकही अंडं नासलं नाही, म्हणजे नियम खरा. एवढ्या एका दोरीला धरून ती बाई दिवस काढत होती. ती दोरी कुणी ओढून बघू नये म्हणून ती दारावर पहारा देत होती.

अशी वर्षं गेली. मग अठ्ठेचाळीस सालचा भादवा आला. निजामाचं राज्य बुडालं, फौजा आल्या म्हणून कुणी सांगे. कुठल्या गावात काय झालं त्याच्या एकेक गोष्टी येत, आणि खरी कोणती, खोटी कोणती, हे ठरवायला कुणाला धीर नव्हता. खतीजाबीच्या गल्लीतली मुसलमानांची घरं एकेक करून बंद झाली. कुणी हिंगोलीकडं गेलं, कुणी नातलगांकडं. खतीजाबी मात्र ओट्यावर बसून होती, कारण आत तांबडी बसलेली होती.

दिवस कलता कलता फुलसिंग बैलगाडी घेऊन दारात आला. "खतीजाबी, चला तांड्यावर. इथं एकटं ऱ्हायचं न्हाई."

"माही कोंबडी बसली हाय, फुलसिंगभाऊ. तिला टाकून कशी येऊ?"

"मग तिलाबी घ्या. तिचं काय आडलं?"

फुलसिंगनं जास्त बोलू दिलं नाही. खतीजाबीनं टोपल्यावर कापड बांधलं आणि ते मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. गडबडीत लोखंडी खिळा आणि मिरची घरीच राहिली. रस्ताभर ती टोपल्यावर दोन्ही हात ठेवून होती. आत तांबडी हू की चू न करता बसून होती.

तांड्यावर फुलसिंगची एकच झोपडी. रुक्माबाई दाराशी वाट बघत होती आणि तिच्यामागं तिची सून अनुसया उभी होती, तिच्या लेकाची, भावसिंगची बायको. अनुसयाचे दिवस भरत आले होते. घागऱ्यावरून पोट स्पष्ट दिसत होतं.

खतीजाबीचे पाय दाराबाहेरच थबकले. इतकी वर्षं ती उंबऱ्याच्या आत असायची आणि दोनजिवाची बाहेर. आज ती टोपलं घेऊन बाहेर होती.

रुक्माबाईला नियम माहीत होता. ती सुनेकडं वळून म्हणाली, "अनुसया, तू तुह्या चुलतसासूकडं जा निजायला. पिल्लं निंगंपर्यंत तिकडंच ऱ्हा."

"बरं," अनुसया म्हणाली आणि आपली वाकळ गोळा करायला वाकली. तिचं ते 'बरं' खतीजाबीच्या काळजात घुसलं.

"न्हाई!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेळ्या दचकल्या. "तिला तिच्या घरातून काढू नका. अंडी नासली तं नासू द्या. ती हितंच निजंल."

टोपलं कणगीशेजारी ठेवलं. तिथून हातभर अंतरावर अनुसयाची वाकळ.

पुढच्या दिवसांत खतीजाबीच्या मनात जे चाललं होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखं नव्हतंच. उभा जन्म अंडी जगवण्यात गेलेली ती बाई आता अंडी नासायची वाट बघत होती. नासू दे अल्ला, सगळी नासू दे. एक जरी धड निघालं तरी मी कुठं तोंड लपवू? तांबडी दाण्याला उठली की ती वाकून टोपल्याचा वास घ्यायची. कुजका वास येतो का बघायची. येत नव्हता. एका दुपारी आभाळ एवढं गडगडलं की झोपडी हादरली, आणि जवळ खिळा नव्हता, मिरची नव्हती. खतीजाबीला बरं वाटलं.

अनुसया तर पोरच होती. तिला नियमाचं गांभीर्य कळण्यासारखं नव्हतं आणि खतीजाबी तिला एका शब्दानं अडवत नव्हती. तांबडी उठली की अनुसया अंडी गार पडू नयेत म्हणून त्यांच्यावर आपली ओढणी पसरायची. एकदा तर तिनं तीन-चार अंडी उचलून सरळ पोटाशी धरली. "मावशी, किती गरम हाय, बघा!" रुक्माबाई सुनेवर डाफरली. खतीजाबी म्हणाली, "धरू दे." तिचा आवाज ऐकून रुक्माबाईनं तिच्याकडं नीट बघितलं.

एका सकाळी खतीजाबी बाहेर शेळीला पाला घालत होती. आतून अनुसयाची हाक आली.

"मावशी! लवकर या! आत बोलून राहिलं!"

खतीजाबी दाराशी आली. अनुसया पाय पसरून भुईवर बसली होती, कानाशी अंडं, आणि चेहरा हसून फुललेला. खतीजाबीनं चौकट धरली.

"ऐका ना मावशी," म्हणत अनुसयानं ते अंडं तिच्या कानाला लावलं. आत बारीक चिवचिव चालली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिल्लं निघाली. रेघ ओढलेल्या प्रत्येक अंड्यातून एक, एकही न चुकता. तांड्यावरच्या बाया बघायला जमल्या. रुक्माबाई म्हणाली, "हात कुनाचा हाय शेवटी!" आणि बोलता बोलताच ती थांबली, कारण खतीजाबी टोपल्याशी गुडघ्यांवर बसली होती आणि ओलं पिल्लू तळहातावर घेऊन त्याच्याशीच बोलत होती.

"निंगाले. सगळे निंगाले. पोटुशी उशाशी निजली, पोटाशी धरलं, तरी निंगाले." मग तिनं मान वर केली. "मग रुक्मे, माह्या कनीजला मी भाईर काहून बसवलं?"

रुक्माबाई तिच्याशेजारी भुईवर बसली. खतीजाबी त्या दिवशी रडली. कनीजला माती दिली तेव्हा जे रडायचं राहिलं होतं ते सगळं रडली, आणि घाबरलेली अनुसया तिची पाठ चोळत विचारत राहिली, "काय झालं मावशी? पिल्लं तं चांगली हाय ना?"

गाव शांत झाल्यावर फुलसिंगनं तिला घरी आणून सोडलं. पिल्लं तिनं अनुसयासाठी ठेवली, तिच्या बाळंतपणाला. त्यानंतर खतीजाबीनं कोंबडी बसवली नाही. कुणी अंडी घेऊन आलं की ती वाद न घालता म्हणायची, "तांड्यावर जा, अनुसयाकडं. तिचा हात चांगला हाय." फटकळपणा कुठं गेला कुणास ठाऊक. लोकांना तो नको होता, आणि आता त्याच्यावाचून करमेना.

दुपारी ती ओट्यावर बसायची, ऊन बघून कनीजला बसवलं होतं बरोबर त्या जागी. एकदा तिथं बसून तिनं आत बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की त्या जागेवरून टोपल्याचा कोपरा दिसतच नाही. मध्ये रांजण येतो. कनीजनं उठताना मान वळवून बघितलं होतं, तेव्हा तिला नुसता रांजण दिसला असणार आणि दारात आडवी उभी असलेली आई.

गल्लीतले लोक परत आले तेव्हा त्यांना एक गोष्ट नवी दिसली. खतीजाबीचं दार दिवसभर सताड उघडं असे. दुपारच्या वेळी तिथून जाणाऱ्याला कधीकधी आतून तिचा आवाज ऐकू यायचा. रस्ता रिकामा असायचा, ओटा रिकामा असायचा, आणि ती दारातून बाजूला सरून म्हणत असायची, "आ बेटा, अंदर आ."